ठरावाला कुलूप

टरबेल नॉचच्या शाळेची वार्षिक सभा मार्चमध्ये भरते. न्यू हॅम्पशायरच्या त्या डोंगराळ भागात मार्चमध्ये बर्फ वितळून रस्त्यांचा असा राडा होतो, की गाडी घेऊन निघालेला माणूस पोचेलच, याची खात्री त्याची बायकोही देत नाही. तरी लोक येतात. शाळेचा बहुतेक खर्च गावाच्या घरपट्टीतून निघतो, आणि घरपट्टी किती बसणार हे त्या एका दिवशी, शाळेच्या खेळाच्या हॉलमध्ये, नारिंगी कार्डं वर करून ठरतं. आपल्या खिशात कोण हात घालतंय हे बघायला माणूस चिखल तुडवत येतो. शिवाय आठवीच्या मुलांचे आईबाप त्या दिवशी बीन्स, हॅम आणि घरी भाजलेले ॲपल पाय विकून सहलीचे पैसे जमवतात, आणि त्या पायसाठी येणारेही काही कमी नसतात.

सभेच्या अध्यक्ष विनिफ्रेड स्टिकनी. पोस्टातून निवृत्त झालेली, सडपातळ, ताठ कण्याची बाई. गाव त्यांना वीसेक वर्षं बिनविरोध निवडून देत होतं, कारण अध्यक्षाचा हातोडा हातात घेतला की विनिफ्रेडबाईंना मत उरत नाही, अशी त्यांची ख्याती. शेजारी असो, शत्रू असो, बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं. एकदा त्यांच्या सख्ख्या भावाला त्यांनी वाक्याच्या मधोमध खाली बसवलं होतं, आणि तो नंतर दोन वर्षं नाताळला आला नव्हता. बाईंना त्याचा अभिमानच होता.

या वर्षी मात्र प्रकरण घरात आलं होतं. विषयपत्रिकेवर तिसरा विषय असा: गावची शाळा चालू ठेवायची, की बंद करून मुलांना फी भरून खालच्या कॅसवेल गावच्या शाळेत धाडायचं. विनिफ्रेडबाईंची मुलगी कोरिन याच शाळेत पहिली ते तिसरीचा एकत्र वर्ग चालवायची. कॅसवेलवाले मुलं घेणार होते, शिक्षक नाही. शाळा गेली तर कोरिनला नोकरीसाठी दक्षिणेकडच्या शहरात जावं लागणार, आणि नवऱ्यामागे राहिलेल्या त्या मोठ्या घरात बाई एकट्या उरणार, हे दोघींनाही ठाऊक होतं. त्यावर दोघी बोलत नसत.

त्या सकाळी न्याहारीच्या वेळी कोरिनला मात्र राहवलं नाही.

"आई, आज तरी कार्ड वर करशील का गं?"

"माझ्या हातात हातोडा असतो."

"एका हातात. दुसरा काय शाळेबाहेर ठेवून येतेस?"

"दुसऱ्या हातानं मी मतं मोजते. खा ते, गार होतंय."

सभा सुरू झाली. बाईंनी दरवर्षीप्रमाणे नियम वाचून दाखवले, आणि दरवर्षीप्रमाणे ते कुणी ऐकले नाहीत. त्यातला एक नियम असा, की झालेल्या ठरावाचा सभा संपेपर्यंत फेरविचार करता येतो. फक्त तो मागणारा माणूस जिंकलेल्या बाजूनं मत दिलेला पाहिजे. हरलेल्यांनी सारखं तेच उकरून काढू नये म्हणून ही अट. आणि फेरविचाराचा धोकाच नको असेल तर मतदान झाल्याबरोबर कुणीतरी उठून त्यावर बंदी मागायची. मग त्या दिवशी तरी त्या ठरावाला कुणी हात लावू शकत नाही. गावात याला 'कुलूप घालणं' म्हणतात, आणि कुलूप घालण्याचं काम एल्विन टिबेट्सचं. हे त्याला कुणी नेमून दिलेलं नव्हतं. पण मतं मोजून झाली की मागच्या रांगेतून उठायचं, "अध्यक्षबाई, कुलूप!" म्हणायचं आणि बसायचं, हे त्यानं इतकी वर्षं केलं होतं, की तो उठेल हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं असे. तो मेला की आपलं काय होईल, असं गावात थट्टेनं म्हणत.

तिसऱ्या विषयावर बोलणं तासभर चाललं. शाळा समितीचा अध्यक्ष मार्सेल गोथिए घामाघूम होऊन आकडे सांगत होता. विरोधी बाजूनं दोनचार जण बोलले, पण खरा विरोधक गप्प बसला होता. रॉइस पेव्ही. लाकूड कापण्याच्या धंद्यात कंबर मोडून घरी बसलेला, जंगलाची मोठी जमीन आणि लहान पेन्शन असलेला माणूस. दरवर्षी तो उठून म्हणायचा, "नाकापेक्षा मोती जड झालाय! मोती विका, नाहीतर नाक तरी मोठं करून द्या!" लोक हसायचे आणि खर्च मंजूर करायचे. यंदा तो घडी घातलेल्या कोटावर हात ठेवून शांतपणे ऐकत होता.

"शाळा चालू ठेवावी या बाजूनं, कार्डं वर करा," बाई म्हणाल्या.

कार्डं वर गेली. आणि दुसऱ्या रांगेत रॉइसचंही कार्ड वर गेलं.

आधी कुजबुज झाली, मग कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळा हॉल टाळ्यांनी भरला. मार्सेलनं तर डोळे पुसले. म्हातारपणी माणूस मऊ होतो, असं कुणीतरी म्हणालं. रॉइसनं कॉफीचा कप किंचित उंचावून मान डोलावली. शाळा थोड्याच मतांनी राहिली.

विनिफ्रेडबाईंनी टाळ्या थांबू दिल्या. त्या कार्डाकडे बघताक्षणीच त्या समजून चुकल्या होत्या. रॉइस पेव्ही मऊ झालेला नव्हता. त्यानं फक्त जिंकणाऱ्या बाजूत आपली जागा धरून ठेवली होती.

मागच्या रांगेत एल्विन खुर्चीवरून अर्धवट उठला. उठला आणि थबकला. कालपर्यंतचा विरोधक आज चारचौघांत शाळेच्या बाजूनं उभा राहतो, आणि आपण लगेच त्याच्या नाकावर कुलूप आपटायचं? म्हणजे तुझ्यावर आमचा विश्वास नाही असं तोंडावर सांगणं. असला उर्मटपणा टरबेल नॉचमध्ये करत नाहीत. एल्विननं हॉलभर नजर फिरवली, मग अध्यक्षांच्या टेबलाकडे पाहिलं. त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं, ऊठ किंवा बस.

बाई खिडकीकडे बघत होत्या. छपराच्या कडेला लोंबणाऱ्या बर्फाच्या सुळ्यांतून पाणी गळत होतं. हॉल श्वास घेऊन पुन्हा बोलायला लागेपर्यंत त्या तशाच बघत राहिल्या.

एल्विन खाली बसला.

"पुढचा विषय," बाई म्हणाल्या.

जेवणाच्या सुट्टीत ऊन पडलं, आणि तिथेच घात झाला. रात्री कडक थंडी आणि दिवसा ऊन, असं जमलं की मेपलच्या झाडांतून रस वाहायला लागतो, आणि तो कुणासाठी थांबत नाही. गावातल्या निम्म्या घरांची तो रस आटवून पाक करायची गुऱ्हाळं. लोकांनी उभ्या उभ्या बीन्स खाल्ल्या, पाय रुमालात गुंडाळला आणि निघाले. शाळा वाचली होती. आता उरलं होतं काय, तर बसचं कंत्राट, बॉयलरची दुरुस्ती आणि ग्रंथालयाचं छप्पर. एल्विन सगळ्यात आधी पळाला. त्याची काहील गावात सगळ्यात मोठी.

"चाललास?" दारात मार्सेलनं विचारलं.

"झाडांना लावलेल्या हंड्या भरून वाहत असतील. छप्पर माझ्याशिवाय मंजूर करा, गळलं तर मला शिव्या घाला."

रॉइस आणि त्याच्या बाजूची माणसं मात्र खुर्चीला डिंक लावल्यासारखी बसून राहिली. त्यातल्या दोघांची गुऱ्हाळं होती. बाईंनी तेही पाहिलं.

दुपार रेंगाळत गेली. बस झाली, बॉयलर झाला, छप्पर झालं. स्वयंपाकघरात कोरिन पालकांबरोबर भांडी घासत होती, आणि तिचं हसणं हॉलपर्यंत ऐकू येत होतं. सकाळपासूनचा भार उतरलेलं ते हसणं ऐकत बाईंनी विषयपत्रिकेचा कागद पालथा घातला.

"आणखी काही कामकाज?"

रॉइस कमरेला हात लावत उठला. "अध्यक्षबाई, तिसऱ्या विषयाचा फेरविचार व्हावा. मी जिंकलेल्या बाजूनं मत दिलंय. सगळ्यांनी पाहिलंय, टाळ्यासुद्धा वाजवल्यात."

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग मार्सेल ताडकन उठला. "हा दगा आहे! अरे लाज वाटत नाही तुला? विनी, तू हे चालू देणार आहेस?"

"सभेत मी अध्यक्ष आहे, मार्सेल. प्रस्ताव नियमात बसतो. अनुमोदन?"

अनुमोदन आलं. स्वयंपाकघराच्या खिडकीत कोरिन साबणाच्या हातांनी उभी होती. पुढच्याच क्षणी तिच्या हातात फोन होता, आणि मग बाकीच्या बायकांच्याही. मार्सेल वेळ काढायला बोलू लागला. शाळा कधी बांधली, पाया कुणी खणला, पहिली शिक्षिका कोण, असं काहीबाही. कोरिन खिडकीतून आईकडे एकटक बघत होती.

"तीन मिनिटं झाली," बाई म्हणाल्या.

"विनी, लोक वाटेत आहेत!"

"तीन मिनिटं झाली, मार्सेल. बस."

मग रॉइस बोलला. आवाजात विजय नव्हता. "मुलांचं वाईट व्हावं असं मला वाटत नाही. माझी घरपट्टी माझ्या पेन्शनच्या वर गेली. जंगल विकलं तर राहू कुठं? दरवर्षी सरळ मार्गानं सांगितलं, तुम्ही हसलात. यंदा तुमच्याच नियमानं आलो."

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. फेरविचार मंजूर झाला. पुन्हा कार्डं वर गेली, बाईंनी ती दोनदा मोजली, आणि शाळा गेली.

हातोडा पडला आणि दार उघडलं. एल्विन आत आला, गुडघ्यापर्यंत चिखल, अंगाला जळक्या साखरेचा वास. विस्तवावरची काहील तशीच सोडून तो निघाला होता.

"झालं?"

"झालं," मार्सेल म्हणाला.

"काहील करपली असणार," एल्विन स्वतःशीच म्हणाला आणि भिंतीला टेकून खाली बसला. त्याच्याकडे बघायची कुणाची हिंमत झाली नाही.

रॉइस जाताना अध्यक्षांच्या टेबलाशी थांबला. "विनी, खरं सांगतो, दुसऱ्या कुठल्याही गावात मी हे धाडस केलं नसतं. तुझ्यासारखी सरळ बाई दुसरी नाही. पुढच्या वर्षी तुझं नाव मीच सुचवणार."

"मतदार आहेस, सुचव," बाई म्हणाल्या. तो गेला. ती स्तुती त्यांना गालावर मारल्यासारखी लागली.

हॉल रिकामा झाल्यावर मायलेकी खुर्च्या मिटून भिंतीशी लावत होत्या.

"सकाळीच कळलं होतं ना तुला?" कोरिननं विचारलं.

"त्याचं कार्ड वर गेलं तेव्हाच."

"एल्विन तुझ्याकडे बघत होता. मी पाहिलं. तू नुसती मान हलवली असतीस तरी तो उठला असता."

"माहीत आहे. म्हणून तर बघितलं नाही त्याच्याकडे."

कोरिननं हातातली खुर्ची खाली ठेवली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि बाईंना त्याचीच भीती वाटली.

"एक खरं सांग. तिथं शिकवणारी मी नसते, दुसरीच कुणी असती, तर?"

मागे एकदा समितीच्या ठरावाच्या वेळी एल्विनला डुलकी लागली होती, आणि त्यानं उठून कुलूप घालावं म्हणून विनिफ्रेडबाई टेबलावरून जरा मोठ्यानंच खोकल्या होत्या. कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. त्यांनासुद्धा ते आजपर्यंत आठवलं नव्हतं. खोटं बोलता आलं असतं, पण त्या कधी बोलल्या नव्हत्या आणि आता सुरुवात करण्याइतकी ताकद उरली नव्हती.

"खोकले असते," त्या म्हणाल्या.

कोरिननं मान डोलावली. "तेच म्हटलं," ती म्हणाली, आणि भिंतीवरच्या खिळ्यावरून आपला कोट काढून घेऊन बाहेर गेली. उरलेल्या खुर्च्या विनिफ्रेडबाईंनी एकट्यानंच मिटल्या.