काट्यावरचं घड्याळ

सकाळचे पावणेआठ झाले होते आणि वारासिवनीच्या राइस मिलमधला, ट्रक तोलायच्या धर्मकाट्यावरचा संगणक पहाटेचे तीन दाखवत होता. प्रेमलालने मनगटावरच्या घड्याळात पाहून वेळ लावली. गेली बारा वर्षं त्याचा दिवस असाच सुरू होई. रात्री चौकीदाराने मेन स्विच पाडला की संगणकाचं घड्याळ मागे पडायचं, आणि पावतीवर चुकीची वेळ छापली गेली की धान खरेदी केंद्रातून ट्रक परत यायचा. म्हणून प्रेमलालला सुट्टी नव्हती.

फोन वाजला. गोंदियाच्या दवाखान्यातून बायको विमलाबाई बोलत होती. काल तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि सोबत शेजारीण गेली होती, नवरा नाही.

"बारा वाजता पट्टी काढून राह्यले. तुमी येता ना?"

"पाहतो. काट्यावर कोनी नाही."

"काट्यावर कवा कोनी रायते?" असं म्हणून तिने फोन ठेवला.

प्रेमलाल शेठ बाबूलालसमोर जाऊन उभा राहिला.

"जा ना भाई, मैंने कब रोका?" शेठ म्हणाले. "वजन तो मुनीम कर लेगा. पर घड़ी? वो तो तेरी ही मानती है."

यात शेठची काही चूक नव्हती. ही विद्या प्रेमलालनेच त्यांना पढवली होती. बारा वर्षांपूर्वी शेठ त्याच्या जागी कॉम्प्युटर शिकलेल्या भाच्याला आणणार होते. नेमकं त्याच आठवड्यात घड्याळ मागे पडू लागलं. दुरुस्तीवाला म्हणाला, आतला सेल गेलाय, पाच मिनिटांचं काम. प्रेमलालने त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. शेठना सांगितलं, मशीनचा स्वभावच असा आहे, मला जमतो. भाचा आला नाही. नोकरी वाचली आणि माणूस अडकला. स्वतःच विणलेल्या जाळ्यात बसलेल्याने तक्रार कुणाकडे करायची?

काल संध्याकाळी बाजारातून आणलेला सेल रात्रभर त्याच्या खिशात होता. त्याने तो काढून शेठच्या टेबलावर ठेवला.

"मशीनमंदी हा टाकाचा हाय. मंग घड्याळ मांगं नाही पडत."

त्याने शेठना काट्यावर नेलं, त्यांच्या देखत संगणकाचा डबा उघडला, जुना सेल काढला, नवा बसवला, वेळ लावली. मेन स्विच पाडला. दोघांनी चहा घेतला. स्विच वर केला. घड्याळ मिनिटाला मिनिट बरोबर होतं.

"इतना ही था?"

"हौ."

"बारह साल?"

प्रेमलालने मान खाली घातली. त्याला लाज वाटली.

शेठ ओरडले नाहीत. मुनीमाला बोलावून म्हणाले, "काँटा अब से तू देख." मग प्रेमलालकडे न पाहता, "तू आराम से जा."

तो बाराच्या आत पोचला. नर्सने पट्टी काढली. विमलाबाई डोळे मिचकावत कितीतरी वेळ त्याच्याकडे पाहत राहिली.

"काहून अशी पाहून राह्यली?"

"तुमी कवा म्हातारे झाले?"

तो स्टूल ओढून तिच्या खाटेजवळ बसला.

"परत किती वाजता जाता?"

"आज नाही जात."

"आन उद्या?"

"उद्याबी नाही."

विमलाबाई आनंदाने हसली. शेजारणीला म्हणाली, "पाह्य, शेठनं सुट्टी देली."

प्रेमलालने मनगटावरचं घड्याळ काढून खिशात ठेवलं.