यंदा तोटा नाही

माझा नवरा लॅन्सी खोर फक्कानजवळ नगरपालिकेच्या मालकीच्या भाजीपाल्याच्या छोट्या वाड्या सांभाळायचा आणि गुरुवारी संध्याकाळी दुबईत, करामा भागातल्या आमच्या घरी यायचा. वाड्या कुळांना कसायला दिलेल्या. दरवर्षी त्या तोट्यात जायच्या आणि दरवर्षी सरकार तो तोटा भरून द्यायचं. बिल्डिंगमध्ये त्याला ‘लॉस मॅनेजर’ म्हणत. मला ते झोंबायचं. आम्ही वसईचे, वाडी बुडाली हे आमच्याकडे कुणी हसून सांगत नाही.

अठ्ठ्याण्णव साली त्यानं कुळांकडून, माझी आई करायची तशी, रोपांवर झावळ्यांची सावली करून घेतली. उन्हात एक रोप करपलं नाही. त्या हंगामात तोटाच झाला नाही.

ऑफिसातले घाबरले. “तोटा दाखव, गरज नसली तरी एखादा पंप घे. नाहीतर पुढचं अनुदान खलास.”

“पिकलेल्या वाडीला बुडाली म्हणायला माझी जीभ वळत नाही,” लॅन्सी मला म्हणाला.

“मग म्हणू नकोस,” मी म्हटलं.

अनुदान बंद झालं.

पुढच्या शुक्रवारी मी शेल्डनला घेऊन भाजी आणायला गेले. दर ऐकला की मी मोठ्यानं त्याचे रुपये करते आणि दुकानदाराशी भांडते; पोराला लाज वाटते.

“बैंगन दो दिरहम किलो. खोर फक्कान का माल है, मॅडम.”

मी गुपचूप दोन दिरहम दिले.

“मम्मा, यू डिडन्ट बार्गेन,” शेल्डन म्हणाला.

“घरच्या वाडीच्या मालावर घासाघीस करत नाहीत,” मी म्हटलं.