अर्धी राहिलेली क्षमा

सतराव्या मिनिटाला ती मुलाखत तुम्ही तोडलीत. वीज गेली नव्हती, वारा सुटला नव्हता, बोरगावपासून बेळगावपर्यंत आभाळ निरभ्र होतं. तोडली ती तुमच्या हातानं. तुम्ही कोण, हे सांबऱ्याच्या शालूबाईला अजून ठाऊक नाही. म्हणून हे पहिल्यापासून सांगायचं.

सोमवार होता. शालूबाई दुधाची किटली घेऊन संध्याकाळी सहालाच डेअरीत आली. एरवी ती साडेसहाला येते. सहाला जयाबाई येते, आणि जयाबाईच्या समोर उभं राहायचं शालूबाई एकोणीस वर्षं टाळत आली होती. त्या दिवशी म्हैस लवकर पान्हावली, एवढंच झालं.

डेअरीवाला मारुतीराव भिंतीवरचा टीव्ही कधी बंद करत नाही. बेळगावचं लोकल चॅनेल लागलं होतं आणि पडद्यावर लेखक श्रीपाल चटईवर, लोडाला टेकून बसले होते. गालफडं आत गेलेली. मनगटातलं घड्याळ कोपरापर्यंत सरकेल, असा हात. खाली लिहिलं होतं, ‘बोरगावहून थेट : अखेरची मुलाखत’.

"ह्योच न्हवं त्यो?" रांगेतली बाळाबाई म्हणाली आणि शालूबाई दिसताच तिनं तोंड मिटलं.

तोच तो. एकोणीस वर्षांपूर्वी श्रीपाल बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत टाइमकीपर होते. शालूबाईचा नवरा भरमू तिथंच भट्टीवर होता. एका दुपारी वितळलेल्या लोखंडाची बादली वर उचलताना साखळी तुटली. भरमू गेला. त्याच्याशेजारी उभा असलेला आण्णाप्पा गेला. आण्णाप्पा म्हणजे जयाबाईचा एकुलता एक. चौकशीत ठरलं, भरमू पिऊन आला होता. पुढं श्रीपालनी त्यावर गोष्ट लिहिली. भरमूचा धर्मू केला, बाकी सगळं तेच ठेवलं. त्या एका गोष्टीनं ते लेखक झाले. शाळेच्या गॅदरिंगमध्ये तिचं नाटक व्हायचं. एका वर्षी दारुड्या धर्मूच्या बायकोचं काम शालूबाईच्या लेकीला, माधवीलाच दिलं. माधवी सहावीत होती. तिनं ते केलं. टाळ्या पण घेतल्या.

भरमू घेतच नव्हता असं नाही. बेंदराच्या सणाला घ्यायचा, लग्नाकार्यात घ्यायचा. कामावर जाताना कधी नाही. पण हे शालूबाईनं कुणापुढं सांगायचं? जयाबाईपुढं?

"सर, वाचकांना काय संदेश द्याल?" मुलाखत घेणाऱ्या तेजस्वीनं विचारलं.

"संदेश न्हाय," श्रीपाल म्हणाले. "क्षमा मागायची हाय."

डॉक्टरांनी हात टेकल्यावर श्रीपालनी सल्लेखना घेतली होती. म्हणजे जायची वेळ ओळखून एकेक गोष्ट सोडत जायचं, अन्न सोडायचं, शेवटी पाणी. आणि त्याआधी ज्याला ज्याला दुखवलं त्याचं नाव घेऊन त्याची क्षमा मागायची. जैनांच्या घरी हे नवं नाही. टीव्हीवर मात्र कुणी कधी बघितलं नव्हतं.

त्यांनी भावाची क्षमा मागितली, बांध चार बोटं सरकवल्याबद्दल. बायकोची मागितली. "कमला, तू जेवलीस का हे मी चाळीस वर्षांत एकदा बी विचारलं न्हाय." बाळाबाईनं पदर डोळ्यांना लावला. मारुतीरावचं माप हातातच राहिलं. "मरताना असं बोलायला बी काळीज लागतंय," तो म्हणाला.

शालूबाईला त्या रडण्याची किळस आली. किटली ठेवून निघावं असं तिनं ठरवलं, आणि तेवढ्यात तिचं नाव आलं.

"सांबऱ्याची शालूबाई. तिची क्षमा." श्रीपालना दम लागला होता. "भरमू शुद्धीत हुता. साखळीची कडी झिजलीय म्हणून त्यानं तीनदा तक्रारवहीत घातलं. त्याला लिवायला जमायचं न्हाय. तो सांगायचा, मी लिहायचो. तिन्ही वेळेला अक्षर माझं. अपघात झाला आणि तिन्ही तक्रारींचं ते पान मी फाडलं. जाळलं न्हाय. ज्यांनी फाडायला सांगितलं त्यांच्याच हातात नेऊन दिलं. त्यांचं नाव..."

आणि सराफाची जाहिरात लागली.

डेअरीत कुणी हललं नाही. फॅट मोजायच्या यंत्रातून चिठ्ठी बाहेर आली, ती कुणी घेतली नाही. "येतंय, येतंय, जाहिरात संपू दे," मारुतीराव म्हणत राहिला. जाहिरात संपली आणि भजन लागलं. जयाबाई शालूबाईकडं बघत होती. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा सरळ बघत होती. मग आपली रिकामी किटली घेऊन ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी त्या चॅनेलवर खाली पट्टी फिरू लागली. ‘गंभीर आजारामुळे लेखकांना भ्रम होत होते. शेवटच्या विधानांची जबाबदारी वाहिनी घेत नाही.’ मोबाइलवर मुलाखत आली, पण सोळा मिनिटांची. बायकोच्या क्षमेवर संपवलेली. माधवीनं आईला ती दाखवली. खाली लोकांनी हात जोडल्याची चित्रं टाकली होती, ‘डोळे पाणावले’, ‘असा माणूस होणे नाही’. हजारो लोक रडले होते, आणि भरमू पुन्हा पिऊन कामावर गेला होता.

"भ्रम म्हणं," शालूबाई म्हणाली. "चप्पल आण माझी."

बुधवारी विमानतळावरच्या नोकरीतून सुट्टी काढून माधवी आईबरोबर निघाली. बसस्टॉपवर जयाबाई आधीच उभी होती.

"तुज्यासाठी न्हाय," ती शालूबाईकडं न बघता म्हणाली. "माज्या पोरासाठी चाललोय."

बेळगाव, निपाणी, मग बोरगाव. तिघी एकाच बसमध्ये, जयाबाई दोन बाकं पुढं.

श्रीपाल त्याच चटईवर पडून होते. त्यांनी शालूबाईला ओळखलं, उठायला बघितलं, उठता आलं नाही. हात जोडले.

"नाव सांगा," शालूबाई म्हणाली.

श्रीपालचे ओठ मिटलेलेच.

"काल सकाळी मुनिमहाराजांपुढं मौन घेतलंय त्यांनी," कमलाबाई म्हणाल्या. "आता शेवटपर्यंत."

माधवीनं पर्समधून पेन आणि कागद काढला. कमलाबाईंनी मान हलवली. "लेखणी तर जेवण सोडायच्या बी आधी सोडली. हिनंच पाप केलं म्हणाले. आणि मौनात खुणा बी करत न्हाईत, बाळा. त्यांना वाटलं, सगळं बोलून झालं. टीव्ही त्यांनी कुठं बघितला? मधेच तोडलंय हे आम्हाला गावानं सांगितलं, आम्ही यांना सांगितलं, तवर मौन घेऊन झालतं."

शालूबाई चटईजवळ बसली. समोर माणूस होता, जिवंत होता, त्याच्या तोंडात नाव होतं, आणि धर्मानं ते तोंड बंद केलं होतं.

"आण्णा," ती म्हणाली, "लेखणी सोडलीत. बरं केलंत. पण माज्या पोरीच्या अंगावर दारुड्याची बायको चढवायच्या आधी सोडायची हुती."

श्रीपालच्या डोळ्यांतून पाणी कानाकडं ओघळलं. जोडलेले हात तसेच होते. कमलाबाई पुढं झाल्या. "आक्का, एवढं एक करा. क्षमा म्हणा. त्यांचा जीव अडकलाय."

"माझा बी अडकलाय. एकोणीस वर्षं." शालूबाई उठली. "त्यांची मागून अर्धी झालीय, माझी देऊन पुरी कशी हुईल?"

उंबऱ्यापर्यंत कमलाबाई मागं आल्या. दारात त्यांनी आवाज खाली केला. "त्या दिवशी शेजारच्या पिठाच्या गिरणीचा आवाज माइकात येत हुता. ती बंद करायला त्या पोरीनं मलाच पाठवलं. म्हणून नाव मी ऐकलं न्हाय. पण परत आले तवा हे बोलतच हुते, आणि कॅमेऱ्यावरचा तांबडा दिवा चालू हुता. तोडलं ते तिकडं बेळगावात. हितं न्हाय."

परतीच्या बसमध्ये जयाबाई शालूबाईच्या शेजारी येऊन बसली. निपाणी मागं पडल्यावर म्हणाली, "भरमूनं तिसऱ्यांदा तक्रार घातली तवा आण्णाप्पा मला बोललाता. भरमूदा साखळीवरनं भांडतोय म्हणालता. माज्या ध्यानात हुतं ते." तिनं तोंड खिडकीकडं फिरवलं. "कुणाला तरी शिव्या घालायला पायजे हुत्या गं. तू जवळ हुतीस."

एवढी वर्षं ही बाई खरं जाणून होती. तिला उठून दुसऱ्या बाकावर जावंसं वाटलं. गेली नाही.

गुरुवारी शालूबाई आणि जयाबाई दोघी चॅनेलच्या ऑफिसात. तिथला नागेंद्र नावाचा साहेब चांगला बोलला, पाणी दिलं.

"कॅमेरा बंद झाला होता, आई. पुढचं रेकॉर्डिंगच नाही."

"तांबडा दिवा चालू हुता," शालूबाई म्हणाली. "घरधनिणीनं बघितलाय."

नागेंद्रनं टेबलावरचे कागद उगाच जुळवले. "हे बघा, माझ्या हातात नाही. वरून सांगितलं होतं."

"वर कोण?"

जयाबाईनं मान वर करून बघितलं. "वर तर पंखाच दिसतोय."

तेवढ्यात शालूबाईच्या फोनवर माधवीचा फोन आला. बोरगावचे श्रीपाल सकाळी गेले. शालूबाईनं ते मोठ्यानं सांगितलं आणि कोपऱ्यातल्या टेबलावर तेजस्वीनं तोंडावर हात घेतला. ती रडू लागली. सोमवारी ती त्यांच्यापासून दोन हातांवर बसली होती. माइक तिनंच धरला होता.

शालूबाईनं एक खुर्ची ओढली, तिच्या टेबलासमोर मांडली. दुसरी जयाबाईनं मांडली.

"पोरी, रडणं आमच्याकडं बी लई हाय," शालूबाई म्हणाली. "तू ऐकलंयस तेवढं सांग."

तेजस्वीनं वर बघितलं. त्यांच्याकडं नाही. त्यांच्या मागं असलेल्या दुधी काचेच्या बंद दाराकडं. दाराच्या आत तुम्ही होता, आपलं नाव यायच्या आत मुलाखत तोडणारे. दाराखालच्या फटीतून तुमचे बूट दोघींना दिसत होते.

तुम्ही बाहेर आला नाहीत. ऑफिस बंद व्हायची वेळ होत आली, शिपाई दोनदा येऊन गेला, दोघी उठल्या नाहीत. जयाबाई आता तेजस्वीशी बोलत नव्हती. खुर्ची तिनं त्या काचेकडं फिरवली होती.

"साहेब," ती म्हणाली, "माज्या लेकाच्या मरणाचं पान कुणाच्या घरात हाय?"