एक नाव रवला

आमच्या घरात गाऱ्हाणं घालायचा मान बाबांचा. नारळ समोर ठेवून ते घरातल्या एकेकाचं नाव घेत देवाकडे मागणं मागतात आणि आम्ही प्रत्येक मागण्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो. ज्याचं नाव घेतलं तो देवाच्या राखणीत, असं आम्ही मालवणी माणसं मानतो. माझ्या भावाचं, सहदेवचं, नाव बाबांनी दोन गणपतींत घेतलं नव्हतं.

कारण गिरण्यांचा संप. बाबा शेवटपर्यंत संपावर राहिले आणि सहदेव मधेच गुपचूप मिलमध्ये कामावर गेला. बाबांनी त्याला घराबाहेर काढलं. तो घाटकोपरला खोली घेऊन राहिला, पण माफी काही मागितली नाही. खाण तशी माती!

मग आईचं ऑपरेशन झालं. ‘ही पायांवर घरी आली तर गावापर्यंत चालत येईन,’ असा बाबांनी आमच्या रवळनाथाला नवस केला. आई घरी आली. आणि कापसाच्या धुळीने छाती पोखरलेला, जिना चढताना धापा टाकणारा हा माणूस दिवाळीनंतर मरोळहून खरंच कोकणात चालत निघाला. मी भांडले, रडले, अबोला धरला. भिंतीवर डोकं आपटलं असतं तर भिंतीला तरी पोचा आला असता.

लांबच्या वाटेच्या माणसाला वेशीपर्यंत पोचवायचं, ही गावची रीत. मुंबईची वेस म्हणजे मानखुर्दपुढचा खाडीचा पूल, असं आईने ठरवलं. ती बसने तिथे येणार होती, मी बाबांबरोबर चालणार होते. सकाळी निघताना बाबांनी घातलेल्या गाऱ्हाण्यात सहदेवचं नाव नव्हतंच. आईने पदराने तोंड पुसलं आणि मला हळूच म्हणाली, “सहदेवाक निरोप दी. पुढचा कोणी बघलाहा?”

साकीनाक्याला वाण्याच्या दुकानातून मी त्याला फोन केला. घाटकोपरला तो रस्त्याकडेला उभा होता. बाबा त्याच्यासमोरून सरळ पुढे गेले. तो मागून चालू लागला.

“आलं वरातीमागून घोडं,” मी म्हटलं. “पुढे हो ना रे!”

“नको गं. बाबा परत फिरतील.”

गोवंडीला बाबांचा श्वास वाजायला लागला. सहदेवने पाण्याची बाटली माझ्या हातात दिली, मी ती बाबांना दिली. कोणाची ते त्यांना कळलं होतं. तरीही ते प्यायले. मला त्या क्षणी दोघांचा भयंकर राग आला आणि बाबा परत आले नाहीत तर काय, अशी भीतीही वाटली.

पुलाअलीकडे आई नारळ घेऊन बसली होती. बाबांनी हात जोडले.

“बा देवा रवळनाथा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“तुझा लेकरू चलत तुझ्या पायाकडे येता. माझ्या बायलेची—”

पुढे खोकला आला, तो थांबेचना. बाबा दगडावर बसले. आई कोणाकडेही न बघता म्हणाली, “अर्धा गाऱ्हाणा टाकूचा नसता. घरातल्या बाप्यान पुरा करूक होया.”

घरातला बाप्या चपला काढून पुढे आला.

“माझ्या बापाशीच्या छातीत बळ घाल म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” आम्ही दोघी म्हणालो.

“तेका सुखरूप ने आणि सुखरूप परत हाड. माझ्या आवशीची राखण कर. माझ्या भैणीची, शकूची, राखण कर.”

“व्हय म्हाराजा.”

सहदेव नारळ फोडायला वाकला. बाबांनी नारळावर हात ठेवला.

“थांब. एक नाव रवला.”

माझ्या खांद्याला धरून ते उठले. शेजारून ट्रक जात होते, तरी मला प्रत्येक शब्द ऐकू आला.

“माझ्या झिलाची, सहदेवची, राखण कर म्हाराजा. तेचा जा काय चुकला असात, ता माझ्या पदरात घाल.”

“व्हय म्हाराजा,” आई आमच्या सगळ्यांच्या आधी म्हणाली. मीही म्हटलं. सहदेव नुसता रडत होता.

“गप कित्याक रे?” बाबा खेकसले. “म्हण.”