घारीने तोंड फिरवलं

नवव्या दिवशीही घारीने वाटी हुंगली, तोंड फिरवलं आणि बाल्कनीच्या दारात जाऊन पडली. अरुंधतीबाईंनी वाटी उचलून पाहिली. सकाळी घातलेले तपकिरी दाणे जसेच्या तसे होते.

घारी काही जातिवंत कुत्री नव्हे. अरुंधतीबाईंचा मुलगा वरद न्हावा शेव्याला ज्या कंटेनर यार्डात नोकरीला होता, तिथल्या गेटवर ती लहानाची मोठी झाली. डोळ्यांच्या रंगावरून पहारेकऱ्यांनी तिला नाव दिलं. पुढे ते यार्ड बंद झालं, पहारेकरी पांगले आणि वरदची बदली गुजरातेत झाली. २०१२च्या जुलैअखेर त्याने घारीला पनवेलजवळ विचुंब्याला आईवडिलांच्या फ्लॅटवर आणून सोडलं. सोबत सुक्या खाण्याची दहा किलोची गोणी.

"आई, शिजवायची भानगडच नाही. सकाळ-संध्याकाळ वाटीभर घालायचं, की झालं."

झालं काहीच नाही. दहीभाताचे चार घास आणि पाणी, यापलीकडे घारीच्या पोटात काही जाईना. डॉक्टरांनी दात पाहिले, पोट चाचपलं, रक्त तपासलं. सगळं ठीक होतं. फक्त चौदा किलोंची कुत्री बारा किलोंच्या खाली आली होती.

"हिला भूक आहे, तुमचं खाणं पसंत नाही," डॉक्टर म्हणाले. "काहीही करून पोटात घाला, मीठ तेवढं टाळा. सोमवारपर्यंत नाही खाल्लं तर सलाईन लावू."

अरुंधतीबाईंना कुत्र्यांचं कौतुक कधीच नव्हतं. त्यांना काळजी होती ती नवऱ्याची. कृष्णकांत सरकारी कचेरीत आरेखक होते. मार्चमध्ये निवृत्त झाले, डोंबिवलीची जागा विकून दोघं इथे राहायला आली आणि तेव्हापासून हा माणूस खिडकीजवळच्या खुर्चीतून उठेना. पेपर वाचून झाला की तोच पेपर पुन्हा उघडायचा. जेवायला बोलावलं की "हं", जेवण कसं झालंय विचारलं की "हं". घारी आली आणि तिला फिरवायला दिवसातून तीनदा खाली उतरणं भाग पडलं. चौथ्या दिवशी ते वर आले ते बोलतच. मागच्या इमारतीतले अविनाश म्हणून कुणी भेटले होते, त्यांनाही नकाशे जमवायचा नाद होता. त्या दिवशी भाजीत मीठ कमी आहे, अशी तक्रारसुद्धा त्यांनी केली. अरुंधतीबाईंना तक्रारीचं एवढं सुख आयुष्यात झालं नव्हतं.

गुरुवारी वरदचा फोन आला. "बाबा, तिची उपासमार नको. उरणचा कल्पेश आहे ना, आमच्या यार्डातला क्रेन चालवणारा, तो रविवारी येऊन घेऊन जाईल. कोळ्याचं घर आहे, रोज मासे असतात. तिथे खाईल ती."

"बरोबर आहे," कृष्णकांत म्हणाले. फोन ठेवला आणि खुर्चीत जाऊन बसले.

अरुंधतीबाईंनी स्वयंपाकघरात जाऊन वरदला परत फोन लावला. "खरं सांग, ते पहारेकरी हिला काय घालायचे?"

"डब्यातलं उरलेलं, आई. भात, जवळा, सुक्या बोंबलाचं कालवण. तुझ्या घरात कसं सांगणार, म्हणून बोललो नाही."

तेही खरंच होतं. चौतीस वर्षांच्या संसारात त्यांच्या उंबऱ्याच्या आत अंडंही आलं नव्हतं. त्यात श्रावण.

शुक्रवारी उपासाचं सामान आणते असं सांगून त्या रिक्षाने पनवेलला उरण नाक्याच्या मासळी बाजारात उतरल्या. पदर नाकाला लावून सुक्या मासळीच्या ओळीत फिरू लागल्या. भीमाबाई नावाच्या कोळणीने त्यांना लांबूनच हेरलं.

"या ताई. काय देऊ?"

"जवळा. बिनमिठाचा. पाव किलो."

"शावनात?" भीमाबाईने डोळे बारीक केले. "घरी ठाव हाय का?"

"कुत्रीसाठी हवाय."

"सगल्या असंच सांगतात गो!"

शेजारची सत्यवती फिस्सकन हसली. अरुंधतीबाईंनी पुडी पिशवीच्या तळाशी घातली, वर साबुदाणा ठेवला आणि घर गाठलं.

कृष्णकांत घारीला घेऊन खाली गेले होते. जवळा म्हणजे बोटाच्या पेराएवढी वाळलेली कोळंबी. अरुंधतीबाई कामाला लागल्या. पहिलं पाणी ओतून दिलं. दुसऱ्यात हळद घातली, तिसऱ्यात लिंबू पिळलं, चौथं उकळतं ओतलं. पाचव्या पाण्याला जेव्हा कसलाही वास येईना, तेव्हा त्यांचं समाधान झालं. स्वच्छ, पांढरा जवळा त्यांनी दाण्यांवर पसरला.

फिरून वर आलेल्या घारीने हुंगलं आणि तोंड फिरवलं.

कृष्णकांत वाकून वाटीत बघत होते. "खोबरं किसून घातलंस?"

"हो," अरुंधतीबाई म्हणाल्या. दुसरं काय सांगणार?

शनिवारी सकाळी त्या पुन्हा भीमाबाईसमोर उभ्या राहिल्या. या खेपेला पदर नाकाला नव्हता. "तुमचा माल काही खरा नाही. आमच्या कुत्रीने तोंडसुद्धा लावलं नाही."

"माजा माल?" भीमाबाई उसळली. "केलंस काय त्याचं?"

अरुंधतीबाईंनी पाचही पाण्यांचा हिशेब क्रमाने सांगितला. लिंबापर्यंत भीमाबाई कशीबशी गप्प होती. उकळत्या पाण्यापाशी तिने कपाळाला हात लावला.

"अगो सत्यवती, आयकलंस का? ताईनी जवल्याला आंगोल घातली! पाच डाव!" मग हसू आवरून ती पुढे झुकली. "ताई, वास हाय म्हनून तर त्यो जवला हाय. त्योच गटारात वतला, आनि कुत्रीला चोथा घातला. कुत्रा नाकानं जेवतो, डोल्यांनी नाय."

"मग करू काय?"

"कोमट पान्यात मूठभर भिजत घाल. अर्धा तास. त्ये पानी त्या दान्यांवर वत, वर जवला टाक. धुवायचा नाय. शपथ हाय तुला."

संध्याकाळी कृष्णकांत घारीला फिरवायला घेऊन गेले, उद्यापासून काम नाही अशा चालीने. अरुंधतीबाईंनी जुन्या दुधाच्या पातेल्यात जवळा भिजवला. आधी खिडक्या लावल्या, मग गुदमरायला झालं तशा उघडल्या. देवघराचं दार ओढून घेतलं. पाणी तांबूस झालं, तसं ते दाण्यांवर ओतलं.

जिन्यातच काहीतरी झालं असावं. घारी दोरी ओढत, कृष्णकांतांना फरफटत आत आली आणि वाटीवर तुटून पडली.

"अगं, हा वास कसला..."

"जवळ्याचा," अरुंधतीबाई म्हणाल्या. "श्रावणात, माझ्या स्वयंपाकघरात. मला काही विचारू नका. तिच्याकडे बघा."

कृष्णकांत पाहत राहिले. फुगलेले दाणे एकेक करून संपले. घारीने वाटी चाटली, वाटी सरकली, तशी ती वाटीमागे भिंतीपर्यंत गेली. कृष्णकांत खाली फरशीवर बसले.

"आणखी आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे. पण आज एवढंच, एकदम नको. पोट बिघडेल." आणि मग, "त्या कल्पेशला फोन करा."

कल्पेशचा फोन लागला नाही. रविवारी नऊ वाजता तो मोटारसायकलवर मागे मोठी टोपली बांधून हजर झाला. घारीने त्याला ओळखलं, अंगावर उड्या मारल्या, शेपटी हलवली आणि परत वाटीपाशी जाऊन बसली. कल्पेशने दारातच नाक वर केलं.

"काकू, जवला? तुमच्याकडं?"

"बसा. पोहे खाऊन जा. कुत्री काही मिळायची नाही, उगाच फेरी झाली तुमची."

"बरं झालं की! वरदसायेब मला म्हनले, आई मांजराला पन दूधभात घालेल. म्हनून मी आलो."

कृष्णकांत पट्टा अडकवत होते. अविनाशरावांनी पनवेलचा जुना नकाशा दाखवायचं कबूल केलं होतं आणि घारीला घेऊनच यायला सांगितलं होतं. ते निघाले, तशी अरुंधतीबाईंनी पोह्यांची बशी कल्पेशच्या हातात दिली आणि आवाज खाली आणला.

"तुमच्या उरणला बिनमिठाचा जवळा चांगला मिळत असेल ना? महिन्याला अर्धा किलो आणून द्याल?"

"देईन की. बोट भरून देईन."

"अर्धा किलो पुरे. आणि दोन पिशव्यांत बांधून आणा. समोरच्या पद्मजाबाईंचं नाक आमच्या घारीसारखं आहे."