टाचणीच्या डोक्याएवढ्या बाहुल्या

शेपटीवर उष्ण झोत पडला तरी अफूच्या जातीच्या नव्या वेदनाशामकामुळे उंदीर ती उशिरा हलवायचे. त्या आठवड्यात मात्र लगेच झटकू लागले. औषधात कुणीतरी पाणी घातलंय, ही शंका वहिनींच्या मनात शिरली ती निघेना.

प्रयोगशाळेतल्या कपाटाच्या किल्ल्या दोघांकडेच होत्या: त्यांच्याकडे आणि त्यांच्या धाकट्या दिराकडे. त्याला इथं चिकटवलं होतं त्यांनीच. अपघातात त्याची कंबर गेली होती, खुर्चीतून उठताना तोंड वाकडं व्हायचं. हल्ली ताठ चालायचा, आणि सारखं नाक खाजवायचा.

प्राण्यांच्या खोलीत उजेड मंद. तिथंही त्याच्या डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्याच, अफूनं आवळतात तशा.

"भावजी, डोळ्यांना काय झालंय?"

"काचबिंदूचे थेंब घालतोय, वहिनी. त्यानं बाहुली आवळते, तुम्हाला काय सांगायचं."

तसे थेंब असतात खरे. वहिनी ओशाळल्या. तरी संध्याकाळी घरी आल्यावर जावेला सहज विचारलं, "भावजी थेंब वेळेवर घालतात ना?"

"कसले थेंब?"

वहिनी तशाच त्याच्या खोलीत शिरल्या. तो मान टाकून बसला होता, ओठ निळसर. एक श्वास आला. दुसऱ्याची वाट बघावी लागली. कामाच्या धास्तीनं वहिनी या औषधावरच्या उताऱ्याचा फवारा पर्समध्ये बाळगत. तो त्याच्या नाकात मारला आणि रुग्णवाहिका बोलावली.

त्यानं डोळे उघडले. जाऊ डोळे पुसत म्हणाली, "आले की शुद्धीवर. आता दवाखाना कशाला? चारचौघांत शोभा."

"उतारा लवकर ओसरतो, अंगातलं औषध तसं ओसरत नाही. पुन्हा झोपतील, मग उठायचे नाहीत."

वाटेतच त्याचा श्वास परत मंदावला. दवाखान्यात उतारा शिरेतून चालू ठेवला, तेव्हा कुठं तो सावरला.

"श्वासाला धोका नाही असं तुम्हीच म्हणत होतात," तो पुटपुटला.

"उंदरांच्या. तेही मोजक्या मात्रेत."

वहिनींनी संचालकांना सगळं सांगितलं. त्याची नोकरी गेली. जाऊ बरेच दिवस बोलली नाही, बोलली तेव्हा एवढंच, "घरातलं घरात ठेवता आलं नसतं का?"

व्यसनमुक्तीच्या उपचारांना मात्र वहिनीच त्याच्यासोबत जात. आणि दर वेळी, नकळत, आधी त्याच्या डोळ्यांत बघत.