सणापुरता मायक्रोस्कोप

मी एक जुना मायक्रोस्कोप आहे. हे सांगायचंच नाही असं ठरवलं होतं. कपाटातल्याचं कोण ऐकणार? पण आज राहवत नाही, मित्रांनो.

जन्म माझा अंबाल्याचा. पुण्याच्या एका कॉलेजात बरीच वर्षं राबलो. पोरं माझ्यापुढं रांग लावायची. मग तिथं नवी यंत्रं आली आणि मला शिरूरच्या छोट्या कॉलेजात धाडलं. इथं मी एकटाच. वाटलं, आता मान मिळणार!

"फुटला तर दुसरा मिळायचा न्हाई," जीवशास्त्राचे सोपानराव सर म्हणाले. मला काचेच्या कपाटात ठेवलं. कुलूप लावलं. सर फळ्यावर पेशी काढायचे, पोरं ती उतरवायची. मी आतून बघत बसायचो. जीव नुसता कोंडायचा.

सुटका फक्त खंडेनवमीला. ज्योतिबामामा शिपाई मला पुसून हळद-कुंकू वाहायचे. संध्याकाळी परत कुलूप.

यंदा प्रात्यक्षिक परीक्षा आली. सरांनी कांद्याचा पापुद्रा काचपट्टीवर घेऊन माझ्याखाली ठेवला आणि पुण्याच्या परीक्षकांना आणायला स्टँडवर गेले. मी बाहेर दिसलो म्हणताच मामांनी सवयीनं हळद सोडली. थोडी पापुद्र्यावर पडली.

"पोरं पास होऊ दे रं देवा," मामा म्हणाले.

सरांनी परत येऊन घाईत वरची काच ठेवली.

पोरांनी एकेक करून डोळा लावला. जन्मात पहिल्यांदा. धड काही कळेना, मग फळ्यावरची पाठ आकृती काढून मोकळी झाली. दौंडचा मेहमूद मात्र हलेना. नापास झालास तर कॉलेज बंद, असं त्याला घरून बजावलं होतं. तरी त्यानं पेशींमध्ये पिवळे गोळे काढले.

शेजारचा हौशीराम कुजबुजला, "आरं येड्या, पुस्तकात पिवळं कुठं हाय?"

"आत हाय की पर!"

परीक्षकांनी कागद उचलला. "हे काय?"

"ठावं न्हाई सर. दिसलं ते काढलं."

सोपानराव सरांचा चेहरा उतरला. परीक्षक माझ्यावर वाकले. मग काचपट्टी काढून त्यांनी वास घेतला.

"हळद आहे ही!"

मामांनी जीभ चावली. परीक्षक बाकीचे कागद चाळत राहिले. "आणि ही तुम्हा कुणालाच दिसली नाही?" मग मेहमूदला ते म्हणाले, "तू पास."

ते गेल्यावर सरांनी मला उचललं. कपाटाकडं निघाले. माझा जीव परत कोंडला.

"सर," मेहमूद म्हणाला, "हळद घरात रोज बघतो. पर मला वळखूच आली न्हाई. ह्यातनं कवा बघितलंच न्हवतं."

सर थांबले. मग किल्ली त्याच्या हातावर ठेवली. "रोज पुसून ठेवायचा. फुटला तर तुला सोलीन!"

मित्रांनो, तुमच्या शाळेतही माझा एखादा भाऊ कपाटात असेल. गुरुजींकडं किल्ली मागा. त्याला पुसा, जपा, आणि डोळा लावा. नुसतं ठेवून आम्ही गंजतो.

मेहमूद आत्ताच म्हणालाय, उद्या घोडनदीच्या डबक्यातलं पाणी आणतो. आण गड्या. पुस्तकात असो नसो, त्यात जे वळवळत असेल ते तुला दाखवीन. शब्द देतो.